रिस्क-फाइव्ह बोर्डावरचं नेट पुन्हा पुन्हा जातं तेव्हा: तारखेपासून डिव्हाइस ट्रीपर्यंत

दर मोठ्या अपडेटनंतर आणि दर पावसाळ्यात मला येणारा फोन ठरलेला असतो: "भाऊ, मशीन सुरू आहे, पण नेट परत गेलं." गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक वाचनालय, तिथल्याच दोन शाळा आणि पेडण्याला किनाऱ्यालगतची एक शाळा, एवढ्या ठिकाणचे रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचे छोटे बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवरचे कॉम्प्युटर, मी सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन लिनक्स आहे. हा एकच बिघाड इतक्या वेळा काढलाय की आता फोनवर दोन-तीन प्रश्न विचारले की कुठे बघायचं ते बहुतेक कळतं. तो क्रम इथे लिहून ठेवतो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, फोनवर सांगतो तशा. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या.

आधी लक्षणं

आपलं दुखणं यातलं कुठलं ते आधी ठरवा. एकाच बोर्डावर दोन एकत्र असू शकतात.

१. अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि वायफायचं चिन्हच नाहीसं झालं.
२. वायफायचं यूएसबी डोंगल लावलं की नेटवर्क येण्याऐवजी सीडी ड्राइव्ह लावल्यासारखं काहीतरी दिसतं.
३. ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) लोड करायला गेलं की "एक्झेक फॉरमॅट एरर" किंवा "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट".
४. केबलचा दिवा लागतो, लिंक १००० एमबीपीएस दाखवते, पण आयपी पत्ता काही मिळत नाही.
५. पिंग चालतं, वेबसाइट मात्र उघडत नाही. ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो.
६. दहा मिनिटं सगळं सुरळीत, मोठी फाइल उतरवायला घेतली की गप्प.

हे याच बोर्डांवर का होतं

घरच्या पीसीत इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो आणि दुकानातलं डोंगल त्याच्यासाठी तपासून विकलेलं असतं. रिस्क-फाइव्ह हा वेगळा आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणारी वेगळी भाषा. त्याची सुरुवात २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत आला, आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत अधिकृतपणे बसला तो ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच आज्ञासंचावर उभे आहेत. त्यामुळे हे बोर्ड शाळांत वाढत जाणार असं मला वाटतं, आणि त्यांची दुरुस्ती गावातल्या कुणाला तरी यायलाच हवी.

नेट चालायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात आणि त्यांची गल्लत झाली की माणूस दिवसभर चुकीच्या जागी खणत बसतो. ड्रायव्हर बोर्डाच्या प्रोसेसरवर चालतो, म्हणून तो त्याच प्रोसेसरसाठी आणि त्याच कर्नलसाठी बांधलेला (मूळ कोड, म्हणजे सोर्सवरून तयार केलेला) लागतो. फर्मवेअर चालतं वायफाय चिपच्या आतल्या तिच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर. त्याला बाहेर इंटेल आहे की रिस्क-फाइव्ह याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि डिव्हाइस ट्री ही फाइल कर्नलला सांगते की या बोर्डावर कुठली चिप कुठे जोडली आहे. पीसीवर हे काम बायोसकडून येणारी माहिती करते, म्हणून तिथे आपल्याला त्याची कधी गरज पडत नाही.

सुरुवातीलाच एक सोय करून घ्या

फोन यूएसबी केबलने बोर्डाला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला लागणारे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, त्यामुळे प्रोसेसर कुठलाही असो, बहुतेक फोन लगेच नेटवर्क कार्डासारखे दिसतात. पुढे पॅकेजं उतरवायला हाच आधार. शिवाय टेदरिंगवर सगळं नीट चाललं तर बोर्डाचं नेटवर्क सॉफ्टवेअर शाबूत आहे आणि दोष त्या एका अडॅप्टरच्या बाजूला आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

तारीख बघा

"डेट" टाइप करा. बऱ्याच बोर्डांना घड्याळाची बॅटरी नसते. पावसाळ्यात रात्री वीज जाते, सकाळी येते, आणि बोर्ड जुन्याच कुठल्या तरी तारखेत जागा होतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला "या दिवसापासून या दिवसापर्यंत वैध" अशी मुदत असते. घड्याळ मागे असेल तर ते अजून सुरूच झालेलं नाही असं ब्राउझरला दिसतं. ॲप्ट (पॅकेजं उतरवणारी आज्ञा) सुद्धा "अजून वैध नाही" म्हणून यादी नाकारतं. पाचवं लक्षण जवळजवळ नेहमी हेच निघतं. वेळ आपोआप जुळायला १२३ क्रमांकाचं पोर्ट मोकळं लागतं. एका शाळेत ते फायरवॉलने अडवलेलं होतं आणि दर वीज जाण्यानंतर तिथून ड्रायव्हर बिघडल्याचा फोन यायचा. पोर्ट उघडल्यापासून आलेला नाही.

केबल, पोर्ट आणि वीज

दुसरी केबल लावा, राउटरचं दुसरं पोर्ट घ्या. ही सूचना सगळेच देतात, पण गोव्यात तिला वेगळं वजन आहे. किनाऱ्याजवळच्या हवेत मीठ असतं आणि स्वस्त केबलच्या टोकावरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो झिजला की खालच्या धातूवर हिरवट-पांढरा थर चढतो. पेडण्याच्या शाळेत टोक बदललं की नेट येतं, हे इतक्या वेळा झालं की आता तिथे केबलचे मोकळे तुकडे सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवायला सांगितलेत. पोर्टाच्या आत थर दिसला तर बोर्ड बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. सुईने खरवडू नका. आतल्या तारा वाकल्या की पोर्टच बदलावं लागतं.

यूएसबी डोंगल असेल तर विजेकडे बघा. यूएसबी २ च्या पोर्टाने ५०० मिलीअँपियर द्यायचे असतात. मोबाइलचा जुना चार्जर बोर्डाला लावलेला असला तर प्रोसेसर कामाला लागताच व्होल्टेज घसरतं आणि डोंगल सुटतं. "डीमेसेज" (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मध्ये "यूएसबी डिस्कनेक्ट" ही ओळ सारखी सारखी दिसली तर ड्रायव्हर सोडा, आधी चांगला पॉवर सप्लाय किंवा स्वतःची वीज असलेला यूएसबी हब लावून बघा. सहाव्या लक्षणाचं हे सर्वांत सामान्य कारण आहे.

वाचनालयाची इमारत जुनी, चिऱ्याच्या जाड भिंतींची. तिथे वायफाय मधूनच तुटायचं आणि बोट ड्रायव्हरकडे दाखवलं जायचं. मी बोर्ड उचलून राउटरच्या खोलीत नेला, तिथे दोन दिवस एकदाही तुटलं नाही. ही चाचणी फुकट आहे, करून घ्या.

नाव बदललंय का

"आयपी लिंक" टाइप करा. पूर्वी केबलच्या नेटवर्कचं नाव "ईथ०" असायचं. डिव्हाइस ट्रीवर चालणाऱ्या बोर्डांवर नव्या सिस्टमडीने (मशीन सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) ते "एंड०" केलं. जुन्या सिस्टमडीवरून नव्यावर गेलेल्या मशीनमध्ये "इंटरफेसेस" फाइलीत जुनं नाव तसंच राहतं, आणि नसलेल्या कार्डाला पत्ता मागत मशीन बसून राहतं. फाइलीत नाव बदला, विषय संपला. वायफाय असेल तर "आरएफकिल लिस्ट" मध्ये ते कुणी बंद करून ठेवलेलं नाही ना, तेही याच वेळी पाहा.

जुन्या कर्नलवर जाऊन बघा

बोर्ड सुरू होताना बूट मेनूत मागचा कर्नल निवडता येतो. त्यावर नेट आलं तर हार्डवेअर ठणठणीत आहे हे सिद्ध झालं, आणि दोष दोन कर्नलांमधल्या फरकात आहे. न आलं तर वरच्या तपासण्यांकडे पुन्हा एकदा जा. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो: अपडेटनंतर जुना कर्नल लगेच काढून टाकू नका.

डोंगल दिसतंय का, आणि कोण म्हणून

"एलएसयूएसबी" टाइप करा. काही डोंगलं स्वतःत विंडोजचा ड्रायव्हर घेऊन येतात आणि लावल्याबरोबर सीडी म्हणून उभी राहतात. ओळखक्रमांक "०बीडीए:१ए२बी" दिसला तर हाच प्रकार. "यूएसबी-मोडस्विच" हे पॅकेज घातलं की डोंगल रूप बदलतं आणि क्रमांकही बदलतो. ड्रायव्हर शोधायचा तो या बदललेल्या क्रमांकावरून. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, कारण एकाच नावाखाली आत वेगवेगळ्या चिप निघतात. पीसीवर हे रूपांतर बरेचदा आपोआप होतं, बोर्डावरच्या आटोपशीर डेबियनमध्ये ते पॅकेज मुळात घातलेलंच नसतं.

फर्मवेअरची ओळ

"डीमेसेज" मध्ये "फर्मवेअर" शब्द शोधा. "डायरेक्ट फर्मवेअर लोड... एरर उणे २" असं आलं तर उणे २ चा अर्थ फाइल सापडली नाही, एवढाच. ड्रायव्हर पोहोचला आहे, त्याला चिपला भरवायला घास मिळालेला नाही. डेबियन १२ पासून अशा फाइलींसाठी "नॉन-फ्री-फर्मवेअर" हा वेगळा विभाग आहे. जुन्या यादीत तो नसतो. विभाग घाला, चिपच्या कंपनीचं फर्मवेअर पॅकेज घाला. अगदीच अडलात तर तीच फाइल घरच्या पीसीवरून पेन ड्राइव्हने आणून "लिब/फर्मवेअर" मध्ये ठेवली तरी चालते, कारण ती बोर्डाच्या प्रोसेसरवर चालतच नाही. ड्रायव्हरच्या फाइलीबाबत असं करू नका.

ड्रायव्हर: इथे सर्वांत जास्त वेळ जातो

पहिलं आणि तिसरं लक्षण इथलं. ड्रायव्हर कर्नलच्या आत आलेला आहे की बाहेरून बांधून घातलेला, हे आधी ठरवा. "डीकेएमएस स्टेटस" मध्ये त्याचं नाव असेल तर तो बाहेरचा.

बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं, पण त्याला नव्या कर्नलच्या हेडर फाइली (ड्रायव्हर बांधायला लागणारी कर्नलची माहिती) लागतात. त्या नसल्या की ते मागच्या मागे थांबतं. त्याची ओळ अपडेटच्या शेकडो ओळींत हरवते आणि रीस्टार्टनंतर वायफाय गायब. उपाय असा: "युनेम -आर" ने चालू कर्नलचं नेमकं नाव घ्या, त्याच नावाच्या हेडर्स घाला, मग "डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल" चालवा. पुन्हा हाच प्रसंग नको असेल तर "लिनक्स-हेडर्स-रिस्कव्ही६४" हे सामायिक पॅकेज घालून ठेवा. मग दर कर्नलसोबत हेडर्स आपोआप येतात. बोर्डासोबत मिळालेल्या कार्डावरचा कर्नल वापरत असाल तर हेडर्स त्याच कर्नलच्या हव्यात. डेबियनच्या घालून चालणार नाही.

"इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट" आलं तर दोन शक्यता. डीमेसेजमध्ये "व्हर्जन मॅजिक" जुळत नाही असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर दुसऱ्या कर्नलसाठी बांधलेला आहे, पुन्हा बांधा. तसं नसेल तर ड्रायव्हरच्या फाइलीवर "फाइल" ही आज्ञा चालवा. उत्तरात "एक्स८६-६४" आलं तर ती फाइल पीसीची आहे आणि या बोर्डावर कधीच चालणार नाही. "यूसीबी रिस्क-फाइव्ह" असं यायला हवं. डोंगलच्या खोक्यात "लिनक्स ड्रायव्हर" म्हणून आलेली तयार फाइल अनेकदा पीसीचीच असते. एका शिक्षकांनी तिच्यापायी अख्खा रविवार घालवला होता. कोणी सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार?

सोर्सवरून बांधताना येणारी एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. बांधणी सुरू होते आणि लगेच थांबते: "आर्च/रिस्कव्ही६४/मेकफाइल: नो सच फाइल". कारण साधं आहे. ड्रायव्हरची मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) "युनेम -एम" ला प्रोसेसरचं नाव विचारते. उत्तर येतं "रिस्कव्ही६४". पण कर्नलच्या सोर्समध्ये त्या प्रोसेसरच्या फोल्डरचं नाव नुसतं "रिस्कव्ही" आहे. इंटेलच्या पीसीवर दोन नावांतला असा फरक कर्नल स्वतः सांभाळून घेतो, म्हणून मेकफाइल लिहिणाऱ्याला तो कधी जाणवलाच नाही. "मेक" च्या आज्ञेत "आर्च=रिस्कव्ही" असं स्वतः लिहून द्या, आणि डीकेएमएसच्या कॉन्फ फाइलीतही तेच घाला, नाहीतर पुढच्या अपडेटला तोच खेळ पुन्हा. एआरएमच्या बोर्डांवर "एआर्च६४" आणि "आर्म६४" यांचा, पॉवरच्या मशीनवर "पीपीसी६४एलई" आणि "पॉवरपीसी" यांचा हाच घोळ होतो. बांधायला आमच्या बोर्डांवर पाव तास तरी जातो. मशीन अडकलं समजून मध्येच बंद करू नका.

एवढं सगळं करण्याआधी मात्र बघा की ती चिप आता कर्नलच्या आतच आली आहे का. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ आवृत्तीपासून रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपांचा आधार "आरटीडब्ल्यू८८" या आतल्या ड्रायव्हरमध्ये आहे. तसं असेल तर बाहेरचा काढून टाका. दोघे एकाच डोंगलवर हक्क सांगायला लागले तर एकही धड चालत नाही. आणि नवीन घ्यायचंच असेल तर मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचं डोंगल मागा, तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. केबलसाठी आरटीएल८१५३ चा यूएसबी अडॅप्टर. बाहेरचा ड्रायव्हर दर अपडेटला सांभाळत बसण्यापेक्षा शाळेने एकदाच डोंगल बदलणं मला केव्हाही योग्य वाटतं. मास्तरांचा वेळ मुलांसाठी आहे.

लिंक गिगाबिट, पण पत्ता नाही

चौथं लक्षण. यात दोन चिप असतात: प्रोसेसरमधला नेटवर्कचा भाग आणि पोर्टाजवळची फाय नावाची चिप. दोघांमध्ये १ गिगाबिटला १२५ मेगाहर्ट्झचं घड्याळ (ठराविक ठोके देणारा सिग्नल) चालतं आणि डेटा त्याच्या चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर जातो. वाचणाऱ्याला नेमक्या क्षणी वाचता यावं म्हणून घड्याळ साधारण २ नॅनोसेकंद उशिरा पोहोचवावं लागतं, आणि तो उशीर किती हे डिव्हाइस ट्रीत लिहिलेलं असतं. आकडा चुकला की लिंक दिसते, दिवा लागतो, पण प्रत्येक पॅकेट फाटकं पोहोचतं. १०० एमबीपीएसला घड्याळ फक्त २५ मेगाहर्ट्झ असतं, तिथे एवढी चूक खपून जाते.

म्हणून चाचणी अशी: "ईथटूल" ने फक्त १०० एमबीपीएस जाहीर करायला लावा, ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी वेग आपसात ठरवणं) सुरूच ठेवून. नेट आलं तर संशय डिव्हाइस ट्रीवर. खराब केबलमध्येही १०० ला चालतं, कारण तिथे चारपैकी दोनच जोड्या लागतात. पण केबलचा दोष असला तर गिगाबिट लिंक सहसा टिकतच नाही, ती स्वतःहून खाली येते किंवा सारखी तुटते. लिंक १००० वर खुंट्यासारखी ठाम आणि "ईथटूल -एस" मध्ये सीआरसी चुकांचा, म्हणजे फाटक्या पॅकेटांचा, आकडा चढतोय, ही डिव्हाइस ट्रीची खूण.

आमच्याकडच्या व्हिजनफाइव्ह २ बोर्डांच्या १.२ए आणि १.३बी अशा दोन आवृत्त्या आहेत आणि त्यांची पोर्टंही सारखी नाहीत, त्यामुळे दोघांच्या डिव्हाइस ट्री फाइली वेगळ्या. एका शाळेचं मेमरी कार्ड दुसऱ्या शाळेच्या बोर्डात घातलं होतं. बाकी सगळं चाललं, केबलचं नेट तेवढं गेलं. बोर्डावर छापलेली आवृत्ती भिंगाने वाचा, तीच फाइल लावा. जुनी फाइल जपून ठेवा, आणि मूल्यं अंदाजाने बदलत बसू नका. तोवर १०० एमबीपीएसवर ठेवलं तरी वर्गाचं काम अडत नाही.

आता थांबा

इथून पुढे स्वतः हात घालू नका.

डीमेसेजमध्ये फाय चिप सापडतच नाही असं येत असेल आणि आदल्या दिवशी गडगडाट झाला असेल तर चिप जळलेली असण्याची शक्यता मोठी. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनंतर मला असे बोर्ड मिळतात, आणि बहुतेकांची केबल दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून गेलेली असते. चिप बदलणं हे सूक्ष्मदर्शक आणि हॉट-एअर मशीन असलेल्या दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. वॉरंटी असेल तर आधी विक्रेत्याकडे. बाहेरची केबल आणि अर्थिंग यांसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवा, आणि त्या दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकता येईल का ते विचारा. काचेतून वीज येत नाही.

बूटलोडर (बोर्ड सुरू होताना कर्नल उभा करणारा प्रोग्रॅम) पुन्हा लिहायची वेळ आली आणि सीरियल केबल वापरायची सवय नसेल तर थांबा. लिहिताना वीज गेली तर बोर्ड सुरूच होणार नाही. ती केबल ३.३ व्होल्टची लागते. ५ व्होल्टची लावून प्रोसेसरचे पाय जाळलेले मी पाहिलेत.

चांगली वीज, चांगली केबल आणि आतला ड्रायव्हर असूनही लोड आला की कर्नल "ऊप्स" (आतली गंभीर चूक कळवणारा संदेश) देत असेल, तर तेही आपल्या हातचं नाही. बोर्डाच्या खाचेत बसणाऱ्या पीसीआयई कार्डाच्या बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये तर आणखी एक खोल कारण असू शकतं. इंटेलचे प्रोसेसर मेमरीत लिहिलेल्या गोष्टी बहुतांशी त्याच क्रमाने इतरांना दिसू देतात. रिस्क-फाइव्हला क्रम बदलायची बरीच जास्त मुभा आहे, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने "इथे क्रम मोडू नको" असं सांगितलेलं नसेल तर पॅकेट पूर्ण होण्याआधीच कार्डाला "उचल" असा निरोप दिसू शकतो. हे शोधणं कर्नलवर काम करणाऱ्यांचं काम. वाचनालयाच्या सभासदांची नोंद अशा मशीनवर असेल तर त्या दिवशीच बॅकअप घ्या आणि बोर्ड कामातून काढा.

ज्याला बोलवाल त्याला या गोष्टी आधीच पाठवा: "युनेम -ए" चं उत्तर, पूर्ण डीमेसेज, एलएसयूएसबीची यादी, बोर्डावर छापलेल्या आवृत्तीचा स्पष्ट फोटो, आणि नेट शेवटचं कधी चाललं व त्यानंतर काय बदललं हे दोन ओळींत. हे हाताशी असलं तर पणजीहून माणूस योग्य तो सुटा भाग घेऊनच निघतो.